मजकुराची बेगमी

लखनौच्या चौकात गोल दरवाजातून शिरून अकबरी दरवाजाच्या दिशेने चालू लागले, की अत्तराच्या आणि मिठाईच्या दुकानांच्या जोडीने चिकनच्या कपड्यांची दुकाने लागतात. यांतली बरीचशी दुकाने अगदी लहान असतात. पांढरी चादर अंथरलेली बैठक, मागे फळ्यांवर रचलेले कुडते आणि दुपट्टे, आणि एका कोपऱ्यात हिशेबाची वही. गिऱ्हाईक बसले की दुकानदार एक कुडता उलगडतो, तो उजेडाकडे धरतो, मग आतली बाजू बाहेर काढून तिच्यावरून बोट फिरवतो आणि बोलू लागतो. हा टाका कोणता, तो उलट बाजूने का घालतात, या जाळीत एकही धागा कापलेला नाही हे कसे ओळखावे, हे काम करणारी बाई कोणत्या गावची, कापड धुतल्यावर काय होईल. पंधरा-वीस मिनिटे हे बोलणे चालते. गिऱ्हाईक कधी घेते, कधी न घेता उठते. पण पुढच्या दुकानात ते शिरते तेव्हा त्याची नजर पूर्वीची राहिलेली नसते.

व्यवसायाचा मजकूर म्हणजे दुसरे तिसरे काही नसून हेच बोलणे होय. ते छापील पत्रकावर आले, मालासोबत जोडलेल्या चिठ्ठीवर आले, वर्तमानपत्रात आले किंवा आजच्या काळात मोबाइलच्या पडद्यावर आले, तरी त्याचे स्वरूप बदलत नाही. जाहिरात गिऱ्हाइकाला दुकानापर्यंत आणते. मजकूर त्याला मालाची पारख शिकवतो. या दोहोंची गल्लत केल्यामुळे पुष्कळ लहान व्यावसायिकांचे श्रम वाया जातात. ज्याच्या जिभेवर वीस वर्षांचे ज्ञान आहे तोच दुकानदार लिहायची वेळ आली की 'सर्वोत्तम दर्जा, वाजवी भाव' एवढेच लिहून थांबतो, आणि हे वाक्य तर समोरच्या दुकानावरही लिहिलेले असते.

लिखाणाची सुरुवात बहुधा उत्साहात होते. पहिल्या महिन्यात रोज काहीतरी प्रसिद्ध केले जाते. दुसऱ्या महिन्यात सणांच्या शुभेच्छा आणि सवलतींच्या घोषणा येऊ लागतात. तिसऱ्या महिन्यात हंगाम सुरू होतो, माल काढायचा असतो, कारागिरांचे पैसे चुकते करायचे असतात, आणि लिखाण बंद पडते. याचे कारण आळस हे नव्हे. मजकूर ही रोज नव्याने सुचण्याची गोष्ट आहे अशी समजूत करून घेतलेली असते, आणि सुचणे कोणाच्याच हाती नसते. आपल्याकडे गृहिणी पावसाळ्यापूर्वी जी तजवीज करते तिला बेगमी म्हणतात. डाळी, मसाले, पापड, लोणची उन्हातान्हात करून ठेवली म्हणजे जुलैच्या झडीत रोज बाजार गाठावा लागत नाही. मजकुराचीही अशी बेगमी करता येते. मात्र त्यासाठी आपल्या कोठारात मुळात काय आहे, हे व्यावसायिकाने एकदा पाहिले पाहिजे.

चौकातल्या एखाद्या लहान चिकनव्यापाऱ्याचे कोठार उघडून पाहू. दुकान बाप-लेकाचे आहे, आणि शहराच्या जुन्या मोहल्ल्यांतून व आसपासच्या गावांतून दहा-बारा बायका त्यांच्यासाठी भरतकाम करतात, असे धरून चालू.

चिकनचा कुडता एका हातून तयार होत नाही. कापड आधी कापले जाते आणि बहुधा प्राथमिक शिवणही होते. मग ते छिपीकडे जाते. त्याच्याकडे लाकडी ठशांचे ढीग असतात: केरी, वेल, बुट्टी, मासोळी, पान. नीळ आणि डिंक यांच्या मिश्रणात ठसा बुडवून तो कापडावर नक्षी उमटवतो. हा रंग पुढे धुऊन जाण्यासाठीच असतो. निळ्या रेघांचे ते कापड मग बायकांकडे जाते, आणि तेही एकीकडे नव्हे. बखियाचे काम एकीचे, जाळीचे दुसरीचे, आणि मुर्री घालणारी बहुधा तिसरीच असते. भरतकाम पुरे झाले की कापड मळकट, निळसर आणि सुरकुतलेले दिसते. या अवस्थेत ते कोणी फुकटही नेणार नाही. धोब्याने ते भिजवून, धुऊन, खळ देऊन इस्त्री केली म्हणजे दुकानात दिसणारा कुडता तयार होतो.

आता टाक्यांकडे वळू. परंपरा त्यांची संख्या बत्तीस सांगते. तेपची हा साधा धावदोऱ्यासारखा टाका. तो लवकर होतो आणि स्वस्त मालात भरपूर दिसतो. बखिया कापडाच्या उलट बाजूने घालतात. दोरे मागे एकमेकांना छेदत जातात आणि तलम कापडातून त्यांची सावली पुढच्या बाजूला उमटते. फंदा म्हणजे बाजरीच्या दाण्याएवढी गोल गाठ. मुर्री तांदळाच्या दाण्यासारखी लांबट असते, आणि ती सफाईने घालणारे हात आता थोडे उरले आहेत. जाळी हा या कामातला सर्वांत नवल वाटणारा भाग आहे. तीत कापडाचा धागा कापायचा नाही आणि ओढून काढायचाही नाही. सुईने ताणे-बाणे बाजूला सारायचे आणि बारीक टाक्यांनी जागच्या जागी आवळून धरायचे. जाळी उजेडाकडे धरली तर छिद्रांच्या कडेला गोळा झालेले धागे दिसतात. यंत्राला धागा असा सरकवता येत नाही. ते भोक पाडते आणि त्याची कड शिवून घेते.

एवढ्या माहितीत किती मजकूर दडलेला आहे, याचा वाचकाने अंदाज घ्यावा. एका टाक्यावर एक टिपण लिहिले आणि आठवड्याला एकच प्रसिद्ध केले, तरी बत्तीस टाक्यांना सात महिन्यांहून अधिक काळ पुरतो. मग ठसे आहेत, कापडाचे प्रकार आहेत, धुलाई आहे, डाग कसा काढावा आणि कपडा कसा ठेवावा हे प्रश्न आहेत. यांतले जवळजवळ काहीच शिळे होत नाही. बखिया म्हणजे काय हे आज लिहिलेले टिपण दहा वर्षांनीही तितकेच उपयोगी असेल, कारण त्या वेळचे गिऱ्हाईक नवे असेल. उलट 'आज वीस टक्के सूट' हा मजकूर उद्या सकाळी रद्दी होतो. टिकाऊ आणि नाशिवंत असे हे दोन वर्ग आहेत. श्रमाचा मोठा वाटा टिकाऊ मजकुरावर खर्च झाला तरच लहान दुकानाला लिखाण परवडते. शुभेच्छांच्या रंगीत चित्रांबद्दल तर आमचे मत स्पष्ट आहे: त्यांत वेळ जातो आणि त्या कोणीही वाचत नाही.

चिकनच्या बाबतीत पारख शिकवण्याला आणखी एक निकड आहे. यंत्रावर केलेले भरतकाम आज चिकन या नावाने देशभर विकले जाते. दुरून पाहणाऱ्याला फरक कळत नाही, आणि किंमत मात्र पुष्कळ कमी असते. लखनौच्या चिकनकारीला २००८ साली भौगोलिक निर्देशाची नोंदणी मिळाली. त्यामुळे नावाला कायद्याचे संरक्षण आले, परंतु कायदा प्रत्येक दुकानात जाऊन उभा राहू शकत नाही. गिऱ्हाइकाला कुडत्याची आतली बाजू पाहण्याची सवय नसेल, तर हातकाम करणारीची स्पर्धा थेट यंत्राच्या भावाशी होते. आणि त्या स्पर्धेत तिची मजुरी, जी मुळातच अत्यल्प आहे, आणखी खाली ओढली जाते. या मजुरीच्या आणि दलालीच्या प्रश्नावर मुझफ्फर अली यांनी १९८६ साली 'अंजुमन' हा चित्रपट केला होता. त्याआधी दोन वर्षे, १९८४ साली, रूना बॅनर्जी आणि सहबा हुसेन यांनी लखनौत 'सेवा' ही संस्था उभी केली. या संस्थेने महाजनाला मध्ये न घेता चिकनची प्रदर्शने निरनिराळ्या शहरांत नेली. काम करणाऱ्या बायका तिथे स्वतः गिऱ्हाइकासमोर उभ्या राहिल्या. जी टाका घालते तीच टाका समजावून सांगते, यापेक्षा खात्रीचा मजकूर कोणता असणार?

नियमाने लिहून व्यवसाय चालवण्याची विद्या लखनौला नवी नाही. मुन्शी नवल किशोर यांनी १८५८ साली, म्हणजे बंडाची धूळ खाली बसते न बसते तोच, या शहरात छापखाना काढला. पुढे तो आशियातल्या मोठ्या छापखान्यांत गणला गेला, पण आरंभी तोही एक होतकरू व्यवसायच होता. छापखान्याबरोबर 'अवध अखबार' हे वृत्तपत्र निघाले. वृत्तपत्रात छापखान्याच्या पुस्तकांच्या जाहिराती येत, आणि त्यात क्रमशः आलेला मजकूर पुढे पुस्तक होऊन त्याच दुकानात विकला जाई. रतननाथ सरशार यांची 'फसाना-ए-आझाद' ही प्रदीर्घ कथा १८७८ पासून याच पत्रातून वाचकांना हप्त्याहप्त्याने मिळत गेली आणि नंतर ग्रंथरूपाने आली. एकदा लिहिलेले दोनदा उपयोगात आणण्याची ही पद्धत आजच्या दुकानदारानेही उचलण्यासारखी आहे. जे टिपण मोबाइलवर पाठवले, तेच छोट्या चिठ्ठीवर छापून कुडत्याच्या घडीत घालता येते.

याच 'अवध अखबार'मध्ये तरुणपणी काम केलेले अब्दुल हलीम शरर यांनी १८८७ साली 'दिलगुदाज' हे स्वतःचे मासिक काढले. हे बव्हंशी एका माणसाचे मासिक होते. संपादक तेच आणि मुख्य लेखकही तेच. त्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या त्यातून क्रमशः येत, त्यामुळे पुढच्या अंकाची वाट पाहणारा वाचकवर्ग तयार झाला. नोकरीनिमित्त शरर हैदराबादला गेले, इंग्लंडला जाऊन आले, आणि या काळात मासिक अनेकदा बंद पडले. पण प्रत्येक वेळी त्यांनी ते पुन्हा उभे केले. १९१३ पासून त्यांनी 'दिलगुदाज'मध्ये लखनौच्या गतवैभवावर लेखमाला लिहिली. नवाबी काळातील पोशाख, खाणेपिणे, संगीत, चालीरीती असे एकेक अंग घेऊन ते महिनोन्महिने लिहीत राहिले. विषय शोधायला ते दूर गेले नाहीत. त्यांचे स्वतःचे शहरच त्यांचे कोठार होते, आणि ज्याची ओळख पुसट होत चालली होती त्याची त्यांनी नोंद केली. ते लेख आज लखनौच्या इतिहासाचे साधन मानले जातात.

मात्र हे दोघेही छपाईच्या आणि लेखनाच्याच धंद्यातले होते. ज्याचा धंदा निराळा आहे त्याने काय करावे, असा प्रश्न राहतोच. त्याचे उत्तर मराठी वाचकाच्या घरातच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले नांगर विकले जायला बराच काळ जावा लागला. माल चांगला असणे आणि तो चांगला आहे हे लोकांना कळणे, यांतले अंतर त्या कारखान्याने सोसले होते. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. तिथून १९२० साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. शंकरराव मूळचे चित्रकार. कारखान्याची आणि त्याच्या मालाची माहिती देणारे ते गृहपत्र होते. हळूहळू त्यात स्वावलंबन, उद्योग आणि समाजसुधारणा यांवरचे लेख येऊ लागले, त्याचे 'किर्लोस्कर' मासिक झाले, आणि १९३० साली 'स्त्री' व १९३४ साली 'मनोहर' ही भावंडे निघाली. अमेरिकेत जॉन डिअर या नांगर करणाऱ्या कंपनीने १८९५ साली शेतकऱ्यांसाठी 'द फरो' हे नियतकालिक काढले होते. फ्रान्समध्ये टायर करणाऱ्या मिशेलिन बंधूंनी १९०० साली मोटारीने प्रवास करणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका छापली. या तिन्ही ठिकाणी मालाची स्तुती मागे राहिली आणि माल वापरणाऱ्याचे काम पुढे आले. नांगर घेणाऱ्याला शेतीविषयी वाचायचे असते, टायर घेणाऱ्याला रस्त्याविषयी. चिकनचा कुडता घेणाऱ्याला तो कसा धुवावा, हे जाणून घ्यायचे असते.

चौकातल्या आपल्या दुकानदाराला अर्थात मासिक काढायचे नाही. त्याने हिशेबाच्या वहीशेजारी आणखी एक वही ठेवावी. गिऱ्हाईक जो प्रश्न विचारील तो तारखेसह तिच्यात टिपावा. पांढरा कुडता पिवळा का पडतो? दोन कुडते सारखेच दिसत असताना एकाची किंमत तिप्पट का? निळा डाग राहिला आहे, हा माल सदोष आहे का? महिन्याभरात वही उघडून पाहिली तर तेच ते पाच-सात प्रश्न पुन्हा पुन्हा आलेले दिसतील. पहिली टिपणे त्यांचीच करावीत. यातून एक फायदा लगेच पदरात पडतो: दूरच्या गिऱ्हाइकाने तोच प्रश्न मोबाइलवर विचारला की नव्याने लिहावे लागत नाही, तयार टिपण पाठवता येते.

वर्षाची आखणी पंचांग समोर ठेवून करावी, पण एकच पंचांग पुरत नाही. उन्हाळा हा चिकनचा मुख्य हंगाम, आणि ईद हा मोठ्या खरेदीचा सण. हिजरी वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने ईद दरवर्षी तितकी अलीकडे सरकते. गेल्या वर्षीची आखणी जशीच्या तशी उतरवली तर ती चुकते. लखनौत मोहरमचे दिवस शोकाचे असतात. त्या काळात नव्या कपड्यांची वाखाणणी करणे शहराच्या रीतीला सोडून होईल. मौन हाही तेव्हा मजकुराचाच भाग समजावा. पावसाळ्यात धुतलेले कपडे वाळत नाहीत, माल रेंगाळतो आणि गल्लीत वर्दळ कमी होते. दुकानदाराने वर्षभराची टिपणे आणि छायाचित्रे तयार करण्याचे काम याच दिवसांत उरकावे. हंगामात फक्त वाटप.

किती लिहावे, याचे उत्तर उत्साहाच्या दिवशी शोधू नये. आजारपणाच्या, लग्नघाईच्या, थकव्याच्या आठवड्यातही जेवढे होईल तेवढेच ठरवावे. बहुतेकांच्या बाबतीत हे प्रमाण आठवड्याला एक टिपण, किंवा पंधरवड्याला एक, असे निघते. रोज लिहून तीन महिन्यांत थांबणाऱ्यापेक्षा पंधरवड्याने लिहून पाच वर्षे चालणारा गिऱ्हाइकाच्या अधिक ध्यानात राहतो. शिवाय आपल्या गिऱ्हाइकांची नावे, गावे आणि दूरध्वनी क्रमांक यांची नोंद त्यांच्या संमतीने आपल्याच वहीत असावी. समाजमाध्यमांचे नियम परक्याच्या हाती असतात. तिथे जमवलेला गोतावळा एका रात्रीत दिसेनासा होऊ शकतो; वहीतली नावे जागची हलत नाहीत.

आता एका अवघड जागेकडे यावे लागते. चौकातल्या पुष्कळ दुकानांत हातकामाचा माल आणि यंत्राचा माल शेजारी शेजारी असतो, कारण दुकान चालवायचे तर स्वस्त मालही ठेवावाच लागतो. अशा दुकानदाराने हातकामाची थोरवी लिहायची आणि यंत्राच्या कुडत्याविषयी गप्प राहायचे, हे फार काळ निभत नाही. ज्याने त्याच्याच टिपणावरून उलट बाजू पाहायला शिकून घेतले, ते गिऱ्हाईक एक दिवस त्याच्याच दुकानात कुडता उलटा करील. म्हणून दोन्ही माल वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवावा, चिठ्ठीवर तसे स्पष्ट लिहावे, आणि टिपणातही सांगावे की हा कुडता यंत्राचा आहे, रोजच्या वापराला ठीक आहे आणि म्हणूनच स्वस्त आहे. आरंभी विक्री थोडी घटण्याचा संभव आहे. पण मग महाग कुडत्याच्या किमतीवर विश्वास ठेवायला गिऱ्हाइकाला कारण मिळते.

दंतकथांच्या बाबतीतही सावध राहावे. चिकनची कला बेगम नूरजहाँने आणली, असे लखनौत सर्रास सांगितले जाते. कथा गोड आहे, तिला ठोस पुरावा मात्र नाही. 'असे सांगतात' एवढे दोन शब्द जोडले की ती खुशाल लिहावी. एकाच कुडत्यात बत्तीसही टाके असल्याचा दावा करू नये. नेहमीच्या कुडत्यात चार-पाच प्रकारचे टाके असले तरी पुष्कळ झाले. आणि काम करणाऱ्या बाईचे छायाचित्र किंवा नाव छापायचे असेल तर आधी तिला विचारावे. कष्टाची करुण कहाणी विकून माल खपवणे आणि तिची मजुरी जुनीच ठेवणे, याहून ओंगळ मजकूर नाही. तिचे कौशल्य लिहावे. तिला एका मुर्रीच्या बुट्टीला किती वेळ लागतो आणि त्या बुट्टीचे तिला किती मिळतात, हे लिहिण्याची हिंमत असेल तर तेही लिहावे. ज्या दुकानदाराला हा आकडा छापण्याची लाज वाटेल, त्याने आधी आकडा बदलावा.

सुरुवात कुठून करावी असे कोणी विचारले, तर आम्ही ठशांपासून करावी असे सांगू. छिपीच्या कपाटात शेकडो ठसे पडून असतात. काही वापरात, काही चिरलेले, काहींवरच्या नक्षीचे नाव फक्त एखाद्या म्हाताऱ्या कारागिराला ठाऊक. एका दुपारी त्याच्या शेजारी बसावे, एकेक ठसा कागदावर उमटवावा आणि खाली तो सांगेल ते नाव लिहावे. कोणत्या कपड्यावर तो वापरत, शेवटचा केव्हा वापरला, आता का वापरत नाहीत, हेही विचारावे. पन्नास ठसे झाले की आठवड्याला एक या हिशेबाने जवळजवळ वर्षाची सोय होते. कागद मात्र जाड घ्यावा, कारण निळीचा रंग ओला असताना पसरतो.